धाप वयाची की हृदयाची?

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे प्राचीन मंदिरांसाठी ओळखले जाणारे गाव. अशा गावी पेढीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना जिना चढताना धाप लागू लागली, की घरची मंडळी प्रथम वयाला बोल लावतात, मग दम्याला. दोन उशांखेरीज झोप येत नाही, सायंकाळी पावले सुजतात, तरीही तपासणी लांबणीवर पडते. ‘हार्ट फेल्युअर’ हे नावही घाबरवणारे आहे. वस्तुतः त्यात हृदय थांबत नाही, त्याचे काम अपुरे पडते.

मोंढ्याच्या फाटकातून गाड्या वेळेवर सुटल्या नाहीत तर रांग मागे सडकेपर्यंत जाते. हृदयाच्या डाव्या बाजूचे तसेच होते. पुढे न गेलेल्या रक्ताचा दाब मागे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांवर येतो, त्यांतून पाणी झिरपते आणि श्वास अपुरा पडतो.

हा दाब अचूक मोजायचा तर शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यावी लागते. परंतु त्याचा अंदाज छातीवर यंत्र टेकवूनही करता येतो. स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ साली ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली. तीच आजच्या ‘इको’ तपासणीची सुरुवात. त्यात क्ष-किरण नसतात.

वाहत्या रक्तावर आदळून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते आणि त्यावरून रक्ताचा वेग कळतो. हे तत्त्व डॉप्लर यांनी १८४२ साली मांडले होते. उजव्या बाजूच्या झडपेतून थोडे रक्त मागे गळते, त्याचा वेग मोजतात. पुढचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला उमजेल. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर ३ चा वर्ग ९, त्याची चौपट ३६. त्यात हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील दाब मिळवायचा. तो पोटातून वर येणाऱ्या महाशिरेची रुंदी आणि श्वासासरशी तिचे आकसणे पाहून साधारण ३ ते १५ धरतात. बेरीज झाली ३९ ते ५१ मिलिमीटर पारा, म्हणजे वाढलेला दाब. ही गळती सर्वांमध्ये स्पष्ट दिसत नाही. शिवाय आकडा अंदाजाचा असतो, त्यामुळे शंका उरल्यास नळीची तपासणी करावीच लागते.

फुप्फुस हवेने भरलेले असल्याने ध्वनिलहरी त्यात शिरत नाहीत, म्हणून ते या यंत्राच्या कामाचे नाही असा पूर्वी समज होता. मात्र फुप्फुसात पाणी साचले, की पडद्यावर धूमकेतूच्या शेपटीसारख्या उभ्या रेषा उमटतात. दोन्ही बाजूंना अशा रेषा पुष्कळ दिसल्या, तर धापेचे मूळ हृदयात असण्याची शक्यता वाढते.

मग हे यंत्र गावोगाव का फिरत नाही? गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, १९९४ साली तो देशाचा झाला. यंत्राची नोंदणी सक्तीची असून सुट्या, हातात मावणाऱ्या यंत्राच्या वापरावरही बंधने आहेत. ती योग्यच आहेत. त्यांमागे मुलींच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यामुळे चारठाण्याच्या रुग्णाला बहुधा मोठ्या गावी जावे लागते.

जाताना जुना इको अहवाल बरोबर घ्यावा, म्हणजे दाबाचे दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात. पापड, लोणचे किती खाण्यात येते हे डॉक्टरांना सांगावे, कारण मिठाने पाणी साचते. घरी चौविहार पाळत असतील तर लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळीची वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी. उपवासात ती आपल्या मनाने बंद करू नये.