शेवळं आली, काकडं विसरू नका!

पालेगावकरांनो, पहिला पाऊस पडून गेला की अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, म्हणून दिसताक्षणी घ्याच. शेवळं म्हणजे रानसुरणाच्या जातीतल्या कंदाचा फुलोरा. पानं नंतर फुटतात.

यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानं घसा खवखवतो. म्हणून सोबत काकडं, म्हणजे काकड झाडाची हिरवी, आंबट फळं, हवीतच. ती ठेचून, बिया काढून, पाण्यात कोळून रस गाळून घ्यायचा. नाहीच मिळाली तर चिंच चालते, पण काकडांची तुरट-आंबट चव तिला नाही.

हाताला तेल लावून वरचं जांभळट आवरण सोला. आतल्या दांड्याच्या बुडाशी पिवळा, दाणेदार भाग असतो, तो न चुकता कापून टाका. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परता, काकडांचा रस घालून पूर्ण शिजवा. मग मोड आलेले सोललेले कडवे वाल, भाजल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, गरम मसाला, किंचित गूळ. सीकेपी घरांत वालाऐवजी कोळंबी किंवा खिमा पडतो. माझं मत कोळंबीला! सोबत तांदळाची भाकरी हवीच.