कडेकडेने नको, जरा आतून!

शाळेत असताना सायकल घेऊन निघाले की आई दारातून ओरडायची, "कडेकडेने जा गं!" पुण्यातल्या आमच्या पिढीच्या बहुतेक मुली हेच ऐकत सायकल शिकल्या. पुढे स्कूटी आली, सायकल अडगळीत गेली. चार वर्षांपूर्वी व्यायाम म्हणून ती मी परत बाहेर काढली, पण आईचं वाक्य काही डोक्यातून गेलं नव्हतं. टिळक रस्त्याने उभ्या गाड्यांना अगदी चिकटून चालले होते आणि एका गाडीचं दार खाडकन उघडलं. नशिबाने खरचटण्यावर निभावलं. गाडीतला मुलगा घाबरून धावत आला. "सॉरी काकू, तुम्ही दिसलाच नाहीत हो!"

घरी येऊन जखमेवर हळद दाबताना आधी त्याचा राग आला. चूक त्याचीच होती. पण मग वाटलं, मी दिसेन अशा जागी तरी होते का?

मैत्रिणींनो, अंग चोरून चालायची सवय आपल्याला फार लहानपणी लागते. रस्त्यावर मात्र तीच घात करते. आपण कडेला चिकटलो की मागच्या गाडीवाल्याला वाटतं, जागा आहे, जाऊ घासून. शिवाय खड्डे, गटाराची झाकणं, वाळू, काचा सगळं कडेलाच. ते चुकवायला आपण अचानक उजवीकडे येतो आणि तिथेच घोटाळा होतो.

ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते. तिथल्या 'हायवे कोड' या नियमावलीत २०२२ मध्ये बदल झाले. सायकलवाल्याने कडेपासून निदान अर्धा मीटर आत राहावं, उभ्या गाड्यांपासून एका दाराइतकं अंतर ठेवावं आणि शांत रस्त्यांवर लेनच्या मधूनच चालवावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आपल्या पेठांतल्या अरुंद गल्ल्यांना हे छान लागू पडतं. गाडी बाजूने जाऊच शकत नाही, तिथे कडेला सरकून तिला मोह कशाला पाडायचा? मधून जावं, पुढे जागा मिळाली की बाजूला व्हावं. भरधाव वाहनांच्या मोठ्या रस्त्यावर मात्र डावीकडेच, पण हातभर आतून. आणि दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करू नये. सरळ रेषेत चालणारी सायकल मागच्याला कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलणं. तोंडाने नाही, मानेने आणि हाताने! वळायचं असेल तर आधी मान वळवून मागे बघायचं, मग हात चांगला लांब करायचा, मागचा थांबतोय याची खात्री करायची आणि दोन्ही हात हँडलवर घेऊनच वळायचं. कोपरातून जरासा हलवलेला हात कोणालाही कळत नाही. उजवीकडे वळायला गर्दी फार असेल तर चौक सरळ ओलांडावा, पलीकडे उतरावं आणि सायकल हातात धरून पायी जाणाऱ्यांबरोबर रस्ता पार करावा. यात कमीपणा कसला? समोरून वळणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरशी नजरानजर जरूर करा, पण त्याच्या पुढच्या चाकावरही लक्ष ठेवा. नजर फसवते, चाक फसवत नाही.

बस आणि ट्रकच्या डाव्या बाजूला तर कधीच घुसू नका. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, डाव्या कुशीतली सायकल त्याला दिसतच नाही. शिवाय गाडी डावीकडे वळताना मागची चाकं आत कापत येतात. आरशात ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही, हे पक्कं समजावं. सिग्नलला अशा गाडीच्या मागेच थांबलेलं बरं.

ओढणी कमरेला गच्च बांधा, मागे लाल रिफ्लेक्टर लावा, संध्याकाळी दिवा लावा. आणि कोणी थांबून वाट दिली तर हात वर करून त्याचे आभार माना. पुढच्या सायकलवालीसाठीही तो थांबेल.

आपल्यापैकी ज्या गाडीतून फिरतात, त्यांच्यासाठीही एक सांगते. उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडा. अंग आपोआप मागे वळतं आणि येणारी सायकल दिसते. डावीकडे बसला असाल तर उजव्या हाताने.

शेजारची मुलगी यंदा कॉलेजला सायकलने जायला लागली. परवा तिची आई गॅलरीतून ओरडली, "कडेकडेने जा गं!" मी खालीच होते. म्हटलं, "अगं, कडेने नको. सगळ्यांना दिसशील अशी जा."