डाएट मावशीचं, टेन्शन माझं

घरातल्या मोठ्या माणसाने अचानक ‘चॅलेंज’ घेतलं, जेवण सोडलं आणि वजन उतरायला लागलं की सगळे कौतुक करतात. तुम्हाला मात्र काळजी वाटत असते. अशा वेळी काय करू नये, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

तुमच्या फॅमिली ग्रुपवरही असा एखादा फोटो आला असेल. वजनकाट्यावर दोन पाय, मध्ये आकडा आणि खाली मेसेज : ‘डे ९. तीन किलो कमी!’ त्यावर टाळ्या, फुलं आणि ‘वहिनी, सिक्रेट सांगा ना!’ आमच्या ग्रुपवरचा फोटो माझ्या मावशीचा होता.

मावशी साताऱ्याला असते. वय ५१, नऊ वर्षांपासून डायबेटिस. ओळखीतल्या कुणीतरी तिला २१ दिवसांच्या चॅलेंजच्या ग्रुपमध्ये अ‍ॅड केलं. नियम सोपे होते. सकाळी दुधी, कारलं आणि आवळ्याचा ज्यूस. पोळी, भात, भाकरी पूर्ण बंद. दिवसातून एकदाच जेवण. आणि शेवटी ‘गोळ्यांची गरजच उरणार नाही’ अशी खात्री. ग्रुप चालवणारी व्यक्ती ना डॉक्टर, ना आहारतज्ज्ञ.

मी पुण्यात हॉस्टेलला राहते आणि मास कम्युनिकेशन शिकते. म्हणजे लोकांपर्यंत माहिती नीट कशी पोचवायची, हा माझा अभ्यासाचा विषय. तर मी काय केलं? एकामागोमाग सात लिंक टाकल्या. त्याही फॅमिली ग्रुपवर, सगळ्यांसमोर. वर लिहिलं, ‘मावशी, हे सगळं फेक आहे, प्लीज बंद कर.’ मामाने हसणारी इमोजी टाकली. मावशीने काहीच उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी ती आईला फोनवर म्हणाली, “चार पुस्तकं शिकली म्हणून आता मला शिकवायला लागली.”

त्यानंतर वजनकाट्याचे फोटो यायचे बंद झाले. मला वाटलं, डाएट बंद झालं. तसं नव्हतं. फक्त आम्हाला सांगणं बंद झालं होतं.

सोळाव्या दिवशी माझा बारावीतला मावसभाऊ क्लासवरून लवकर घरी आला. मावशी ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली होती. घामाने ओलीचिंब, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. त्याला वाटलं, हार्ट अटॅक. शेजारच्या काकूंच्या घरीही डायबेटिस आहे, त्या ग्लुकोमीटर घेऊन धावत आल्या. आकडा आला ४८. त्यांनी लगेच साखरेचं पाणी दिलं. वीसेक मिनिटांनी मावशी नीट बोलायला लागली. तिचं पहिलं वाक्य होतं, “आक्काला सांगू नकोस.” आक्का म्हणजे माझी आई.

गडबड कुठे झाली?

मावशी डायबेटिसच्या दोन गोळ्या घेते. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मेटफॉर्मिन एकटं घेतलं तर त्याने शुगर एकदम खाली जाणं तसं क्वचितच होतं. ग्लिमेपिराइडचं मात्र वेगळं आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. गोळी रोजच्या वेळेला पोटात गेली आणि पाठोपाठ नाश्ता गेलाच नाही, तर रक्तातली साखर खाली येत राहते. ७०च्या खाली गेली की तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात. बोलीभाषेत ‘शुगर लो झाली’. ती फारच खाली गेली तर माणूस बेशुद्ध पडतो, फिट येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो.

म्हणजे मावशीचा उपवास आणि मावशीची गोळी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा धोका झाला. चॅलेंजच्या ग्रुपमध्ये ‘तुम्ही कोणत्या गोळ्या घेता?’ असं तिला एकदाही विचारलं गेलं नव्हतं. आणि खरं सांगू? सात लिंक टाकणाऱ्या मीही ते विचारलं नव्हतं.

तुमच्या घरी गोळ्यांची पाकिटं असतील तर त्यावरची नावं नक्की वाचा. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे) तर जास्तच सावध राहायला हवं. ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांच्यासोबत कुणी कीटो सुरू केलं किंवा लांबलचक उपवास केले, तर रक्तात कीटोन नावाची आम्लं धोकादायक प्रमाणात साठू शकतात. गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाहीच, तेव्हा ग्लुकोमीटरवरचा आकडा जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. त्यामुळे घरच्यांना काही कळतच नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खूप थकवा, जोरजोरात श्वास अशी लक्षणं दिसली तर शुगर कितीही असो, थेट हॉस्पिटल गाठायचं. या औषधांमुळे होणाऱ्या अशा त्रासाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्येच इशारा दिला होता. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं. त्यानंतर ते स्वस्त झालं आणि आता अनेक घरांत दिसतं.

ज्यूसचं काय?

‘दुधीच तर आहे, त्याने काय होणार?’ हे वाक्य आमच्याकडेही झालं. दुधीची भाजी, दुधीचा हलवा यांच्याबद्दल आपली काहीच तक्रार नाही. पण एखादा दुधी कडू निघतो. तो कडवटपणा कुकरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांमुळे येतो. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीचा कडू ज्यूस प्यायल्यानंतर मृत्यू झाला होता. त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने हा विषय अभ्यासला. त्यांचा सल्ला असा : ज्यूस काढण्याआधी दुधीची छोटी फोड चाखून बघा, कडू लागली तर फेकून द्या. दुधीच्या ज्यूसमध्ये दुसरा कुठलाही ज्यूस मिसळू नका. प्यायल्यावर उलट्या-जुलाब झाले तर लगेच दवाखान्यात जा.

आता मावशीचा ग्लास आठवा. दुधी, कारलं आणि आवळा. त्यात दुधी कडू निघाला असता तरी कळलं असतं का? कारल्याच्या कडूपणात ते लपूनच गेलं असतं.

मग तीन किलो कुठे गेले?

हा प्रश्न तुम्हाला घरी नक्की विचारला जाईल, कारण काट्यावरचा आकडा खोटा नसतो. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतं आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पोळी-भात एकदम बंद केला की हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. म्हणूनच पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरतं. पुन्हा नेहमीसारखं जेवायला लागलं की त्यातलं बरंचसं परत येतं. डे ९च्या फोटोवर टाळ्या पडतात, पण तीन महिन्यांनंतरचा फोटो सहसा कुणी टाकत नाही.

हे प्रकार आजचे नाहीत. लंडनमध्ये अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये आपण वजन कसं उतरवलं, याची पुस्तिका छापली. साखर, ब्रेड, बटाटे बंद. ती इतकी गाजली की त्यांच्या आडनावाचाच अर्थ ‘डाएट करणं’ असा झाला. कीटो डाएट १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पुढे आलं, तेही फिट येणाऱ्या रुग्णांसाठी. आजही मुलांच्या एपिलेप्सीत ते वापरतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपल्याकडे २०१८च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ म्हणजे दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, यावरून घराघरांत दोन पार्ट्या पडल्या होत्या, हे तुम्हाला आठवत असेल.

आणि एक गोष्ट मावशीच्या बाजूने. तिचा मूळ विचार काही वेडेपणाचा नव्हता. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मधल्या अहवालानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे. त्याच अभ्यासातून पुढे असंही दिसलं की आपल्या रोजच्या कॅलरीजपैकी सुमारे ६२ टक्के कॅलरीज कार्बोहायड्रेट्समधून येतात. म्हणजे ताटातला भात कमी करणं आणि डाळ-उसळ वाढवणं, हे डॉक्टरही सांगतात. पण ते हळूहळू आणि औषधांचा हिशेब धरून करायचं असतं.

‘मला इन्सुलिन नको होतं’

त्या रविवारी मी स्वारगेटहून एसटी पकडली आणि साताऱ्याला गेले. आईने बजावलं होतं, “जाऊन परत लेक्चर देऊ नकोस.” मग मी दिलं नाही. संध्याकाळी मावशी शेंगा सोलत बसली होती, मीही शेजारी बसून सोलायला लागले. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, “मावशी, तुला हे का करावंसं वाटलं गं?”

तिने सांगितलं. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, शुगर अशीच राहिली तर पुढच्या वेळी इन्सुलिन सुरू करावं लागेल. आमच्या आजीला इन्सुलिन सुरू झालं आणि त्यानंतर दोन वर्षांत तिच्या पायाला गँगरीन झालं. मावशीच्या डोक्यात या दोन गोष्टी जोडल्या गेल्या होत्या. इन्सुलिन म्हणजे शेवट. खरं तर आजीची शुगर कित्येक वर्षं वाढलेली होती आणि इन्सुलिन खूप उशिरा सुरू झालं होतं. पण हे मावशीला कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं. “मला इन्सुलिन नको होतं,” ती म्हणाली. “आणि त्या ग्रुपमध्ये रोज कुणीतरी विचारायचं, ताई आज कसं वाटतंय? तुम्ही कोणी विचारलं होतं का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी ‘ते बंद कर’ म्हटलं नाही. “उद्या डॉक्टरांकडे जाऊ या का? मी येते सोबत. काय करतेयस ते सगळं त्यांना सांगू,” एवढंच म्हटलं. तिला भीती होती ती डॉक्टर ओरडतील याची. ते ओरडले नाहीत. त्यांनी ग्लिमेपिराइडचा डोस कमी केला, गोळी जेवणाला जोडून घ्यायला सांगितली, किडनीची तपासणी लिहून दिली आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. ज्यूस बंद झाला. अर्धी भाकरी परत आली. ‘रात्रीचं मात्र मी जेवणार नाही’ यावर मावशी आधी अडून बसली, मग वाटीभर मुगाची उसळ आणि ताकावर तडजोड झाली. चॅलेंजचा ग्रुप तिने अजून सोडलेला नाही. मी त्याबद्दल बोलत नाही.

आपल्या वयाचं काय?

दर वेळी काळजी मोठ्यांचीच असते असं नाही. मार्च २०२५ मध्ये केरळमधल्या एका १८ वर्षांच्या कॉलेज विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. वजन वाढेल या भीतीने तिने अनेक महिने जेवण जवळपास सोडलं होतं, असं बातम्यांमध्ये आलं होतं. डॉक्टरांनी अ‍ॅनोरेक्सिया या आजाराची शक्यता सांगितली होती. तुमची चुलत बहीण किंवा रूममेट सगळ्यांसोबत जेवायचं टाळत असेल, बारीक होऊनही ‘मी जाडीच आहे’ म्हणत असेल, पाळी चुकत असेल, सारखी चक्कर येत असेल, तर हा डाएटचा विषय राहिलेला नाही. तिथे ‘खा गं थोडं’ म्हणून भागत नाही. तिच्या घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मानसिक आरोग्याची मदत मोफत मिळते.

हे लक्षात ठेवा

– ‘काय खातेस?’ याआधी ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हे विचारा. डायबेटिस, ब्लडप्रेशर, थायरॉइड, किडनी, सगळ्यांच्या. गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा.

– गोळ्या मनाने बंद करू देऊ नका आणि जेवण बदललं असेल तर डॉक्टरांना कळवल्याशिवाय तोच डोस चालूही ठेवू देऊ नका.

– घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर शुगर तपासा. ७०पेक्षा कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या आणि डॉक्टरांना फोन करा. मशीन नसेल तर वाट बघत बसू नका, साखर द्या.

– माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ला फोन करा.

– सगळ्यांसमोर टोकू नका. एकट्याने भेटा आणि जमलं तर डॉक्टरांकडे सोबत जा.

मावशीची तीन महिन्यांची एचबीए१सी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. आकडा काय येईल, माहीत नाही. कदाचित इन्सुलिन सुरू करावंही लागेल. पण काल सकाळी तिचा मेसेज आला, फॅमिली ग्रुपवर नाही, फक्त मला. ग्लुकोमीटरचा फोटो आणि खाली दोन शब्द : ‘नाश्ता झाला.’