जठराचा कर्करोग आणि ‘आपल्या लोकांत नसतो’ हा भ्रम

गोंदिया शहराजवळच्या मुर्रीत काय किंवा पूर्व विदर्भातल्या कुठल्याही गावात काय, पोटात जळजळ झाली की पहिला इलाज ठरलेला: मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीची गोळी. कर्करोगाची शंका सहसा येत नाही. ‘तो जपानी-कोरियन लोकांचा रोग’, हे ऐकलेले असते.

ते अर्धेच खरे. भारतात प्रमाण त्या देशांपेक्षा बरेच कमी आहे, तरी २०२२च्या जागतिक अंदाजानुसार इथे वर्षाला ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण. शिवाय देशभर सारखे चित्र नाही. मिझोरम या रोगात सर्वांत पुढे आहे.

‘मग ते रक्तातच असणार.’ अमेरिकेत गेलेल्या जपान्यांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. स्थलांतरितांत प्रमाण चढेच राहिले, तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांत मात्र उतरले. वंश तोच, ताट आणि बालपण वेगळे. मुख्य आरोपी ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू बहुधा लहानपणीच घरातून पोटात जातो. १९९४ साली तो कर्करोगकारक ठरला. त्याला साथ धूम्रपानाची आणि खारवलेल्या पदार्थांची. तिखटावर उगाच जास्त राग काढला जातो.

वंशाचा, समाजाचा खरा संबंध येतो तो निदानाशी. पूर्व विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यामुळे माणूस फिकट दिसला, दम लागला की ‘सिकलसेल असेल’ म्हणून विषय संपू शकतो. पण ‘एएस पॅटर्न’ म्हणजे नुसता वाहक; तेवढ्याने रक्तक्षय होत नाही. पन्नाशीतल्या एएस माणसाचे हिमोग्लोबिन घसरत असेल, तर रक्त कुठून तरी जाते आहे का, हे शोधायलाच हवे. जठरातल्या गाठीतून ते नकळत झिरपते आणि शौच डांबरासारखे काळे होऊ शकते. त्यात लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणजे खरी खूणही झाकली जाते. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या रुग्णाचे तर सगळेच त्या एका नावावर खपवले जाण्याची भीती.

‘गोळीने बरे वाटले, म्हणजे काही नाही’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने कर्करोगाच्या जखमेचीही जळजळ काही काळ थांबते. वजन घटणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार उलटी, गिळायला त्रास यांपैकी काही असेल तर गोळी बदलत बसू नये, दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी. घशात बधिर करणारा फवारा मारतात. काम काही मिनिटांचे असते. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढल्याने रोग पसरतो, हीही नुसती भीती.

जपानने १९८३पासून या रोगाची देशव्यापी चाचणी चालवली. २०१०–१४मधल्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के तिथे पाच वर्षांनंतर हयात होते. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचीच तपासणी आहे. इथले कमी प्रमाण पाहता सरसकट दुर्बीण परवडणारीही नाही. म्हणून आशाताई दारात आली तरी जठराबद्दल विचारेलच असे नाही. ते आपणच सांगायचे.

‘घरात एकाला झाला, आता त्याचे ताट वेगळे ठेवा’ हेही चूक. कर्करोग लागत नाही, जंतू लागतो. कोरियात रुग्णांच्या भावंडांवर आणि मुलांवर जंतूचे औषधोपचार करून पाहिले. २०२०च्या निष्कर्षांत त्यांचा धोका निम्म्याहून कमी झालेला दिसला. हा जंतू श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतही कळतो.