विश्लेषण : पिस्तूल पोलादी हवे की पॉलिमरचे? धातूची फ्रेम मागे का पडली आणि पुन्हा का परततेय?

ब्रिटिश लष्कराने जानेवारी २०१३ मध्ये एक मोठा बदल जाहीर केला. चार दशकांहून अधिक काळ सैनिकांच्या कमरेला असलेले पोलादी ब्राउनिंग पिस्तूल जाणार आणि त्याजागी ऑस्ट्रियन बनावटीचे, पॉलिमर फ्रेमचे ‘ग्लॉक १७’ येणार. २५ हजारांहून अधिक पिस्तुले आणि सुमारे ९० लाख पौंडांचे कंत्राट. याच ब्राउनिंगची भारतीय आवृत्ती पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनते. ‘पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए’ या नावाने ती आपल्या सैन्याला चांगलीच परिचित आहे. त्यामुळे ब्रिटिशांनी तेव्हा सोडवलेला प्रश्न आपल्याकडेही लागू होतो. पिस्तुलाचा सांगाडा कशाचा असावा?

फ्रेम म्हणजे नेमके काय?

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. वर मागे-पुढे सरकणारी स्लाइड आणि तिच्या आत नळी. खाली मूठ, चाप आणि मॅगझीनची जागा असलेली फ्रेम. गोळी सुटताना निर्माण होणारा प्रचंड दाब नळी आणि स्लाइड झेलतात, म्हणून ते दोन्ही भाग पोलादीच असतात, मग फ्रेम कशाचीही असो. ‘प्लास्टिकचे पिस्तूल’ हा शब्दप्रयोग त्यामुळे अर्धवट आहे. पॉलिमर असते ते फक्त खालच्या सांगाड्यात, आणि स्लाइड ज्यावरून घसरते त्या पट्ट्या तिथेही पोलादाच्याच असून त्या साच्यात आधीच बसवलेल्या असतात.

पॉलिमर आले कुठून?

पहिला मान जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखचा. त्यांचे ‘व्हीपी ७०’ हे पॉलिमर फ्रेमचे पिस्तूल १९७० मध्येच बाजारात आले, पण फारसे चालले नाही. खरी उलथापालथ केली गॅस्टन ग्लॉक यांनी. पडद्यांचे रॉड आणि सैन्यासाठी चाकू बनवणाऱ्या या ऑस्ट्रियन उद्योजकाला पिस्तूल बनवण्याचा काहीही अनुभव नव्हता. ऑस्ट्रियन लष्कर जुन्या वॉल्थरला पर्याय शोधत असल्याचे कळल्यावर त्यांनी तज्ज्ञांना गाठून, कोऱ्या पाटीवरून नवे पिस्तूल आखले. १९८२ मध्ये लष्कराने ते स्वीकारले. अनुभव नसणे कधीकधी पथ्यावर पडते ते असे. पोलादी ठोकळा तासन् तास कातून फ्रेम बनवण्याची सवयच नसल्याने, साच्यात नायलॉन ओतून ती झटपट काढण्याचा विचार ग्लॉक यांना सहज सुचला असावा.

सुरुवातीला त्यावर गदारोळही झाला. विमानतळावरच्या एक्स-रे यंत्राला हे पिस्तूल दिसणारच नाही, अशी भीती अमेरिकेत पसरली. ‘डाय हार्ड २’ या १९९० च्या चित्रपटाने तर ते चिनी मातीचे असल्याचे सांगून टाकले. प्रत्यक्षात ग्लॉकच्या वजनाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग धातूचा आहे. ते यंत्रात व्यवस्थित दिसते.

वजनाचे गणित काय सांगते?

काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची घनता साधारण १.४, अॅल्युमिनियमची २.७ आणि पोलादाची ७.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. त्यामुळे मॅगझीनविना ग्लॉक १७ चे वजन सुमारे ६२५ ग्रॅम भरते, तर अॅल्युमिनियम फ्रेमचे बेरेटा ९२ साडेनऊशेच्या आसपास जाते. पूर्ण पोलादी ‘१९११’ रिकामे असतानाच १ किलो १०० ग्रॅमचे आहे. बारा तास बंदोबस्तात उभ्या असलेल्या पोलिसाच्या कमरेला हा फरक दुपारपर्यंत जाणवू लागतो.

पण बाळगताना जे वजन नकोसे, तेच गोळी झाडताना हवेसे वाटते. ९ मिमीची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने निघाली, तर पिस्तूल तेवढ्याच संवेगाने मागे येते. भरलेले पिस्तूल ०.९ किलोचे असेल (साधारण ग्लॉक १७ इतके), तर ते सेकंदाला ३.२ मीटर वेगाने मागे ढकलले जाईल आणि हाताला सुमारे ४.६ ज्यूल ऊर्जा पचवावी लागेल. दीड किलोच्या पोलादी पिस्तुलात हाच वेग १.९ मीटर आणि ऊर्जा २.८ ज्यूल इतकी उतरते. दारूच्या वायूचा वाटा यात धरलेला नाही. तो धरला तर दोन्ही आकडे वाढतील, पण त्यांचे प्रमाण तेच राहील. धक्का कमी म्हणजे नळी कमी उसळते आणि दुसऱ्या गोळीचा नेम लवकर लागतो. पॉलिमर किंचित लवते आणि धक्का शोषते, हा दावा खोटा नाही. पण सहाशे ग्रॅमच्या फरकापुढे त्याचा फार टेंभा मिरवण्यात अर्थ नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पॉलिमर पिस्तुलात जड भाग वर आणि हलका भाग खाली असतो. मॅगझीन रिकामे होत जाते तसे ते अधिकच ‘डोईजड’ होते. पोलादी फ्रेममध्ये तोल मुठीतच राहतो.

श्रेय फ्रेमचे की चापाचे?

या चर्चेत सर्वाधिक गल्लत होते ती इथे. ब्रिटिशांनी ब्राउनिंग सोडले ते केवळ वजनासाठी नाही. ब्राउनिंगचा घोडा आधी मागे ओढलेला असेल तरच पहिली गोळी सुटते. म्हणून अनेक सैन्यांत ते नळीत गोळी न ठेवता बाळगले जाई. ग्लॉकला बाहेरचा घोडाच नाही. आतील स्ट्रायकरवर चालणाऱ्या या पिस्तुलाचा चाप दर वेळी सारखाच ओढावा लागतो आणि बाहेरचे सेफ्टी बटणही नसते. होल्स्टरमधून काढले की तयार. शिवाय मॅगझीनमध्ये १३ ऐवजी १७ गोळ्या.

यातली कुठलीच गोष्ट पॉलिमरमुळे आलेली नाही. दोन्ही बदल एकाच पिस्तुलातून जगासमोर आले, म्हणून ते एकच वाटतात. उलट बाजूनेही तसेच. चापावर चुकून बोट पडले किंवा कपड्याचे टोक अडकले तर गोळी सुटेल, हा धोका चाप आणि सेफ्टीच्या रचनेचा आहे, नायलॉनचा नाही. अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये अॅल्युमिनियम फ्रेमचे बेरेटा सोडून सिग साउअरचे पॉलिमर मुठीचे ‘एम १७’ घेतले, तेव्हा अंगठ्याने लावायची सेफ्टी मात्र मागून घेतली. या पिस्तुलात चापाची यंत्रणा पोलादी पेटीत असते आणि तिच्याभोवतीची मूठ बदलता येते. लहान हातांच्या सैनिकांसाठी, विशेषतः महिलांसाठी, हा पॉलिमरचा सर्वात कमी बोलला गेलेला फायदा आहे. पोलादी मुठीचा घेर बदलायचा तर फार तर बाजूच्या पट्ट्या बदलता येतात.

पावसाळ्यात आणि उन्हात काय?

पॉलिमर गंजत नाही, ही कोकणातल्या पावसाळ्यात मोठीच सोय. मात्र स्लाइड, नळी, स्प्रिंगा आणि बहुतेक मॅगझीन पोलादीच असतात. तेल-पुसणी टाळली, किंवा ओल धरणाऱ्या चामडी होल्स्टरमध्ये पिस्तूल आठवडाभर ठेवले, तर ग्लॉकलाही गंज चढतो. उन्हात मोटारीत ठेवल्यास फ्रेम वितळेल का? नायलॉन ६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते. मोटार तेवढी तापत नाही.

मग धातू परततोय का?

परततोय, पण मैदानात. ‘सीझेड शॅडो २’ हे जवळपास १.३ किलोचे चेक पिस्तूल वेगवान नेमबाजीच्या स्पर्धांत अतिशय लोकप्रिय आहे. स्मिथ अँड वेसन, वॉल्थर अशा कंपन्यांनी आपल्याच गाजलेल्या पॉलिमर पिस्तुलांच्या धातूच्या आवृत्त्या काढल्या. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, त्या २५ मीटर प्रकारात पॉइंट टूटूचे पिस्तूल १,४०० ग्रॅमपर्यंत जड असण्याची मुभा आहे. स्थिर हातासाठी नेमबाज वजन टाळत नाहीत, उलट जोडतात. तिथे पिस्तूल दिवसभर कमरेला वागवायचे नसते.

भारतात पर्याय किती?

सामान्य परवानाधारकाला हा निवडीचा प्रश्न क्वचितच पडतो. ९ मिमी हा आपल्याकडे ‘प्रतिबंधित बोअर’ आहे. खासगी आयात वर्षानुवर्षे बंद असून नामांकित नेमबाजांनाच ती खुली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. हाती येते ते बहुधा सरकारी कारखान्याचे पॉइंट थर्टीटू, धातूच्या फ्रेमचे. त्या गोळीचा संवेग ९ मिमीच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे धक्का कमी करण्यासाठी जड फ्रेम हवीच, हा युक्तिवाद तिथे लंगडा पडतो.

सैन्याच्या बाजूने मात्र हालचाल आहे. पुण्याच्या पाषाण येथील ‘एआरडीई’ आणि महूचे इन्फन्ट्री स्कूल यांनी मिळून चार महिन्यांत बनवलेले ‘अस्मी’ हे ९ मिमी मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये समोर आले. त्याचा वरचा भाग विमानात वापरतात त्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि चापाचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेले. तेव्हा सांगितलेला उत्पादन खर्च ५० हजार रुपयांहून कमी होता.