मत्स्यालयांतील वनस्पती आणि त्यांचें स्वस्त खत

सातारा-सांगलीकडील शहरी घरांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत काचेचें मत्स्यालय ठेवण्याची आवड आतां रुजली आहे. मासे आणले जातात, तळाशीं वाळू पसरली जाते, चार हिरव्या वनस्पती लावल्या जातात. महिना-दीड महिना सर्व ठीक चालतें. मग जुनीं पानें पिवळीं पडतात, त्यांना टांचणीनें टोचल्यासारखीं भोकें पडतात, नवी पालवी फिकट निघते आणि काचेवर शेवाळ चढूं लागतें. दुकानदार एक लहानशी बाटली पुढें करतो. तिजवर पाण्याखालच्या बागेचें सुंदर चित्र असतें. आंत मात्र बहुतांशीं पाणीच, आणि त्यांत विरघळविलेले थोडे क्षार. यांतले बहुतेक क्षार तासगांवचा द्राक्षबागाईतदार किलोच्या भावानें घेत असतो. मग बाटलीचें काम त्याच्या पिशवीनें भागणार नाहीं काय? भागेल; परंतु कोणतें खत, किती आणि कोणत्या पाण्यांत, हें न समजतां तें घातल्यास वनस्पती सुधारण्यापूर्वींच मासे मरतील.

वनस्पतीची वाढ कशावर अडते याचा नियम श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञानें मांडला आणि लीबिग यानें १८४० नंतर तो सर्वत्र प्रसृत केला. गरजेच्या मानानें ज्या द्रव्याचा तुटवडा सर्वांत अधिक, त्याच्याच बेतानें वाढ होते. लग्नघरीं तांदूळ पोतेंभर आणला, पण सरपण एकाच दिवसाचें असलें, तर भात त्या सरपणापुरताच शिजावयाचा. मत्स्यालयांत हें सरपण म्हणजे प्रकाश आणि कर्बवायु. ते अपुरे असतां खत ओतलें तर वनस्पती तें घेऊं शकत नाहींत. मग त्याचा लाभ शेवाळास होतो. म्हणून दिव्याची व्यवस्था पाहून मगच खताचा विचार करावा.

दुसरी गोष्ट अशी कीं, माशांच्या मत्स्यालयांत कांहीं खत फुकटच मिळत असतें. माशांची विष्ठा आणि उरलेलें अन्न कुजून त्यांतून अमोनिया निघतो, सूक्ष्म जंतु त्याचें नायट्रेट बनवितात, आणि स्फुरदही त्याच अन्नांतून येतें. मासे पुष्कळ व वनस्पती थोड्या असतील, तर नत्र आणि स्फुरद विकत घेण्याचें कारण बहुधा पडत नाहीं. उणीव भासते ती पालाश आणि लोह यांची.

कशाची उणीव आहे हें पानेंच सांगतात. नत्र आणि पालाश हीं द्रव्यें वनस्पतीला जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे नेतां येतात. म्हणून त्यांची टंचाई प्रथम जुन्या पानांवर दिसते: नत्र कमी पडलें तर पान सबंध पिवळें होतें, पालाश कमी पडलें तर त्यास बारीक भोकें पडून कडा करपतात. लोहाची हलवाहलव अशी होत नाहीं. यामुळें लोहाच्या अभावीं जुनीं पानें हिरवीं राहतात आणि कोंवळा शेंडा फिकट, कधीं कधीं पांढरट निघतो. ही खूण ओळखतां आली कीं निम्मा खर्च वांचला.

आतां पिशवीवरील आंकडे. कृषिसेवा केंद्रांत विद्राव्य खतें तीन आंकड्यांनीं ओळखलीं जातात. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या भाषेंतला सोरा. ‘शून्य-बावन्न-चौतीस’ यांत स्फुरद व पालाश असतें. ‘शून्य-शून्य-पन्नास’ हें पोटॅशियम सल्फेट. नत्र पुरेसें असून केवळ पालाशच उणें असेल तेथें तें योग्य. हीं तिन्ही मत्स्यालयास चालतात.

याच फळीवर ‘एकोणीस-एकोणीस-एकोणीस’ हें खतही असतें. तिन्ही अन्नद्रव्यें समप्रमाणांत पाहून नवखा गृहस्थ तेंच उचलतो, आणि घात होतो तो येथें. त्यांतील नत्राचा मोठा भाग युरिया व अमोनियमच्या रूपांत असतो. युरिया आणि ‘अठरा-शेहेचाळीस’ यांचीही तीच गोष्ट. शेतांतल्या मातींत हें नत्र निरुपद्रवी असतें. काचेच्या पेटींत मात्र त्यापासून अमोनिया होतो आणि तो माशांच्या कल्ल्यांस जाळतो. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला कीं अमोनियाचा विषारी अंश सुमारें दसपट होतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या शेतीच्या मिश्रणांत तांबेंही असतें. गोगलगाई व झिंगे पाळणाऱ्यांनीं त्याविषयीं विशेष सावध असावें.

प्रमाणाचा हिशेब कठीण नाहीं. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटींत ५६ लिटर पाणी मावतें. वाळू व वरची मोकळी जागा वजा जातां सुमारें ४५ लिटर उरतें. खत द्यावयाचें तें या उरलेल्या पाण्याच्या मानानें. १०० लिटर पाण्यांत दर लिटरमागें १० मिलिग्रॅम नायट्रेट वाढवावयाचें तर १.६ ग्रॅम सोरा पुरतो, आणि त्यांतूनच दर लिटरमागें ६ मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतें. दर आठवड्यास हें प्रमाण दिलें तरी एक किलोची पिशवी १२ वर्षें चालेल. २५ किलोचें पोतें घेणारास तें नातवंडांच्या नांवें लिहून ठेवावें लागेल!

इतकें बारीक वजन घरच्या तराजूवर होत नाहीं; म्हणून द्रावण करून ठेवावें. अर्धा लिटर पाण्यांत ८२ ग्रॅम सोरा विरघळविला कीं त्याच्या १० मिलिलिटरांत वरील मात्रा येते. स्फुरदासाठीं तितक्याच पाण्यांत ‘शून्य-बावन्न-चौतीस’ ७ ग्रॅम. याचे १० मिलिलिटर १०० लिटर पाण्यांत दर लिटरमागें १ मिलिग्रॅम फॉस्फेट देतात. लोहाचें द्रावण निराळ्या बाटलींत ठेवावें, कारण स्फुरदाशीं संयोग झाल्यास लोह गाळ होऊन तळाशीं बसतें. आरंभ पाव मात्रेनें करावा आणि दोन-तीन आठवडे नव्या पानांकडे पाहून मग वाढवावा. आठवड्यास निम्में पाणी बदलण्याचा नेम असला, तर दर आठवड्यास घातलेल्या १० मिलिग्रॅमचा सांठा २० च्या पलीकडे जात नाहीं. एकतृतीयांशच बदललें तर तो ३० पर्यंत चढतो. सोरा आग भडकविणारा पदार्थ आहे. तो मुलांपासून व चुलीपासून दूर ठेवावा.

स्थानिक पाण्याचा भेद येथें ध्यानांत घेतला पाहिजे. सातारा शहराच्या कांहीं भागास कासच्या तलावाचें पाणी येतें. जांभ्याच्या पठारावरून वाहून आलेल्या पावसाच्या पाण्यांत क्षार थोडे उतरतात. तें मऊ असतें आणि त्यांत मॅग्नेशियम व चुना कमी पडण्याचा संभव असतो. तेथें चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट उपयोगी पडतें. सांगली-मिरजेकडे काळ्या, चुनखडीच्या जमिनींतून निघालेलें विहिरीचें पाणी जड व अल्कधर्मी असतें. त्यांत चुन्याची वाण नसते. परंतु साधें लोह टिकत नाहीं. ‘ईडीटीए’ने बांधलेलें लोहही अशा पाण्यांत लवकर सुटून निरुपयोगी होतें. म्हणून तें एकदम न देतां आठवड्यांतून दोन-तीनदां थोडें थोडें द्यावें.

ज्या वनस्पती मुळांनीं अन्न घेतात, त्यांचें पोषण तळांतून करणें अधिक स्वस्त. वाळूखालीं जांभ्याच्या मातीचा पातळ थर दिला कीं तेथील प्राणवायुहीन अवस्थेंत तिच्यांतलें लोह हळूहळू विरघळून मुळांस मिळतें. युरोपांत १९८० नंतर जांभ्याची भुकटी मत्स्यालयासाठीं पुड्यांतून विकली गेली. साताऱ्याच्या डोंगरांवर तोच दगड पायांखालीं आहे. मात्र ही माती कासच्या पठारावरून आणूं नये. तें पठार २०१२ पासून जागतिक वारशांत गणलें जातें, आणि तेथील डबक्यांत उगवणारी वायतुरा ही वनस्पती, जिच्या शास्त्रीय नांवांतच सातारा आहे, बाहेर क्वचितच सांपडते. घरच्या पेटीसाठीं बांधकामावर पडलेला जांभ्याच्या चिऱ्यांचा भुगा धुऊन घेतला तरी पुरे.

कृष्णाकांठच्या कित्येक जमिनी पाण्याच्या अतिरेकानें खारावल्या, हें या भागांत कोणास सांगावयास नको. काचेची पेटी ही त्याहून कितीतरी लहान जमीन. तेथें अतिरेकाचा परिणाम हंगामाची वाट पाहत नाहीं, तो एका रात्रींत दिसतो. स्वस्त खताचा खरा लाभ त्यालाच होतो, जो पिशवीवरचे आंकडे वाचतो, थोडें घालतो आणि पानांकडे लक्ष ठेवतो.