बाळाच्या कपाळावरचा घाम

रात्रीचा दुसरा प्रहर उलटून गेलेला असतो. दूध पिऊन बाळ नुकतेच गाढ झोपी गेलेले असते. त्याच्या डोक्याखालचे दुपटे हाताला ओलसर लागते, कपाळावर घामाचे बारीक थेंब दिसतात आणि तरुण आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. ती सासूबाईंना उठवते. "घामावर वारा लागला तर पडसं होईल गं, पंखा बंद कर आधी," असे म्हणत त्या टोपडे नीट बसवतात आणि दुपट्यावर आणखी एक वाकळ घालतात. सकाळी बाळाच्या मानेवर घामोळे उठलेले असते. सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत हा प्रसंग घडत असतो. दोघींचीही माया सारखीच असते; घामाचा अर्थ मात्र दोघींनाही कुणी सांगितलेला नसतो.

घाम ही शरीराने स्वतःसाठी केलेली थंडाव्याची सोय आहे. त्वचेवर आलेल्या पाण्याची वाफ होताना ते शरीरातील उष्णता बरोबर घेऊन जाते. मनुष्याच्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि त्या जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात. मोठ्या माणसाच्या विस्तीर्ण त्वचेवर त्या विरळ पसरतात, तर बाळाच्या इवल्याशा त्वचेत दाटीने वसलेल्या असतात. त्यांच्यावर नियंत्रण ठेवणारी मज्जासंस्था मात्र अजून परिपक्व झालेली नसते. म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळालाही घाम प्रथम कपाळावर येतो; छाती आणि हातपाय यांची पाळी नंतर येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर आरंभीच्या दिवसांत घाम जवळजवळ येतच नाही. तेव्हा असे बाळ घामेजले नाही, यावरून त्याला उकडत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

डोक्यालाच एवढा घाम का, याचे दुसरे कारण शरीराच्या प्रमाणात आहे. प्रौढ व्यक्तीचे डोके शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या सुमारे ९ टक्के असते. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या जवळजवळ दुप्पट म्हणजे १८ ते २० टक्के भरते. उरलेले अंग झबले, लंगोट आणि दुपट्यात गुंडाळलेले असल्याने उष्णता बाहेर पडण्यास डोके हीच मोठी मोकळी जागा उरते. त्यावर टोपडे घालून वर पांघरूण ओढणे म्हणजे उन्हाळ्यात खोलीची एकुलती उघडी खिडकी लावून घेणे होय.

तिसरे कारण झोपेचेच. नवजात बाळ दिवसाचे सुमारे १६ तास तुकड्यातुकड्यांनी झोपते. झोप लागली की मेंदू शरीराचे तापमान किंचित खाली आणू पाहतो आणि गाढ झोपेत घाम सहज सुटतो. त्यातच बाळाच्या शरीरात वजनाच्या मानाने उष्णता अधिक निर्माण होते आणि आईच्या कुशीत दूध पिताना तिच्या अंगाची ऊबही त्याला मिळते. मोठे माणूस उकडले की पांघरूण पायाने दूर सारते, कूस बदलते. तान्ह्या बाळाला यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणून बाळ हसतेखेळते असेल, नीट दूध पीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर झोपेतील कपाळाचा घाम बहुधा स्वाभाविकच समजावा.

जुन्या जाणत्या स्त्रियांचा टोपड्याचा आग्रह निराधार नव्हता. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणि कमी वजनाच्या बाळांत शरीराची ऊब डोक्यातून झपाट्याने निघून जाते. अशा बाळाला आजचे डॉक्टरही टोपी घालावयास सांगतात. परंतु पूर्ण दिवसांचे, निरोगी बाळ थोडे मोठे झाल्यावर चैत्र-वैशाखातही तोच नियम चालवला, तर त्याचा त्रास बाळाला होतो.

हा त्रास केवळ घामोळ्यापुरता नाही. झोपेत तान्ह्या बाळाचा अकस्मात मृत्यू होण्याच्या दुर्मीळ घटनांचा अभ्यास करताना वैद्यकशास्त्राला काही धोके वारंवार आढळले: बाळाला पालथे झोपवणे, मऊ उशा-गाद्या, झाकले गेलेले डोके आणि अंगात साठलेली अतिरिक्त उष्णता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९२ मध्ये बाळाला पालथे न झोपवण्याची शिफारस केली. १९९४ पासून बाळाला पाठीवर झोपवण्याविषयी तेथे देशव्यापी प्रचार झाला आणि पुढील काही वर्षांत अशा मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. एका साध्या सवयीने इतके प्राण वाचू शकतात.

घरात पाळावयाचे नियमही असेच सोपे आहेत. बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे. जवळ उशी, जाड पांघरूण किंवा मऊ खेळणी नसावीत. मोठ्यांना जेवढे कपडे पुरेसे वाटतात, त्याहून फार तर एक थर बाळाला अधिक असावा. हातापायांवरून अंदाज बांधू नये, कारण ते पुष्कळदा गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवावा. तेथे घाम आणि उष्णता जाणवली तर एक कपडा कमी करावा. पंख्याचा झोत थेट अंगावर न घेता खोलीत हवा खेळती ठेवण्यास हरकत नाही. जीवदयेच्या भावनेने अनेक जैन घरांत डासनाशक औषधे वापरत नाहीत आणि डास चावू नयेत म्हणून पाळण्यावर जाड चादर टाकतात. त्याऐवजी ताणून बसवलेली मच्छरदाणी जीवरक्षाही करते आणि हवाही अडवत नाही.

घाम आला म्हणून सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाणी पाजण्याची गरज नसते, मग ते गाळून उकळलेले का असेना. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणी असते आणि उन्हाळ्यातही ते पुरते. स्वतः आईने मात्र दिवसा भरपूर पाणी घ्यावे. तप शक्तीनुसार करावे अशीच शास्त्राची शिकवण आहे. अंगावर पाजणाऱ्या मातेने रात्रीच्या पाणीत्यागाचा विचार ही शिकवण लक्षात घेऊनच करावा.

काही घाम मात्र वेगळा असतो. बाळ दूध पितानाच घामाने डबडबते, चार घोट घेऊन दमते, श्वास जलद चालतो, वजन वाढत नाही किंवा ओठ निळसर दिसतात, तेव्हा हृदयाच्या जन्मजात दोषाची शंका घ्यावी लागते. दर हजार जन्मांमागे सुमारे ८ बाळांना असा दोष असतो आणि तो वेळीच कळला तर पुष्कळांवर उपचार होतात. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अशी तपासणी व पुढील उपचार विनामूल्य होतात. अंगणवाडीत किंवा सरकारी रुग्णालयात त्याची माहिती मिळते. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणे ही लक्षणेही डॉक्टरांना दाखवावीत. तीन महिन्यांच्या आतील बाळाचे तापमान ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक भरले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

श्रावकाच्या आचारात यत्नाचाराला मोठे स्थान आहे. पाऊल पाहून टाकावे, पाणी गाळून घ्यावे, वस्तू निरखून उचलावी व ठेवावी, असे संस्कार घराघरांत लहानपणापासून होतात. पाळण्यापाशीही तोच संस्कार उपयोगी पडतो. पुन्हा कधी मध्यरात्री बाळाचे कपाळ ओले लागले, तर सासूबाईंनी आणि सुनेने वाकळीकडे हात नेण्यापूर्वी बाळाच्या मानेवर हात ठेवून पाहावा, त्याचा श्वास क्षणभर ऐकावा. बहुतेक रात्री टोपडे काढून ठेवणे एवढाच उपचार पुरेसा होईल.